विशेषणांनी लाज सोडली!

पोलंडमधल्या विशेषणांची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत हो! ‘नऊशे नव्याण्णव वर्षांचा’ एवढंच सांगायचं, तर त्यासाठी पोलिश लिपीत 44 अक्षरांचा एकच शब्द: जेव्येंच्सेत्जेव्येंजेश्येंचोजेव्येंचोलेत्नी! मध्ये ना श्वास घ्यायला जागा, ना कसला संकोच. सर्वांत लांब शब्दांच्या गप्पांत पूर्वी कॉन्स्टँटिनोपलकराच्या लेकीचं लाडकं नाव मिरवायचं. कोन्स्तान्तिनोपोलितान्चिकोव्यानेच्का! पण ते नाम, आणि बिचारं 32 अक्षरांतच दमलं.

बरं, या 44 जणांत नुसते बसून खाणारे किती आहेत बघा. त्यात ‘आय’ हे अक्षर 11 वेळा येतं आणि स्वर म्हणून ऐकू येतं फक्त शेवटचं. उरलेले दहा शेजारच्या व्यंजनाला मऊ करतात आणि गप्प राहतात. म्हणून तोंडाने तुकडे पाडले, तर भरतात 13च: जे-व्येंच-सेत-जे-व्यें-जे-श्यें-चो-जे-व्यें-चो-लेत-नी. एवढी वरात निघाली, पण मुख्य आघाताचा मान शेवटून दुसऱ्या ‘लेत’ला!

समासात शिरताना एकेक संख्या कशी रंग बदलते, तेही ऐकाच. पाच म्हणजे ‘प्येंच’, आत शिरला की ‘प्येंचो’. शंभर म्हणजे ‘स्तो’, त्याचं होतं ‘स्तू’. नऊशे आणि हजार मात्र ढिम्म, जसेच्या तसे. वीस, तीस, चाळीस शहाण्यासारखे ‘जेस्तो’वर संपतात, पन्नाशी लागली रे लागली की थेट ‘जेश्येंचो’! या वयात शोभतं का हे?

तरी खरं लफडं या लांबुडक्यांचं नाहीच. ते नियमाने जोडलेले असतात. एकदा कडी समजली की शाळकरी पोरगंही ते सोडवतं. भल्याभल्यांची फजिती करतं ते चिमुकलं संयोगचिन्ह. दोन्ही घटक तोलामोलाचे असतील, तर मध्ये रेघ हवी. पोलंडचा पांढरा-लाल झेंडा म्हणून ‘ब्यावो-चेर्वोनी’. ‘झुउतो-चेर्वोनी’ म्हणजे पिवळा आणि लाल असे दोन रंग. रेघ पुसली की उरतो पिवळसर झाक असलेला एकच लाल! एका रेघेपायी अख्खा रंग गायब, आणि कुणाला त्याचं काही नाही. वर ओळीच्या शेवटी असा शब्द नेमका रेघेपाशी तुटला, तर रेघ दोनदा द्यायची: एक ओळ संपताना, दुसरी नवी ओळ सुरू होताना. शिवाय ‘चेर्वोनी’तला ‘च’ दोन रोमन अक्षरांनी लिहितात. त्यांची ताटातूट करायला सक्त मनाई!

मोठ्यांनी तरी आवर घालावा? छे! पोलिश भाषा परिषदेने 1 जानेवारी 2026 पासून शुद्धलेखनाचे काही नियम बदलले. नकाराचा ‘न्ये’ आता तर-तम दाखवणाऱ्या विशेषणांनाही बिनधास्त चिकटून बसणार. म्हणजे सलगीला सरकारी आशीर्वादच की!

आणि ज्यांना हे 44 अक्षरांचं प्रकरण झेपत नाही, ते काय करतात? आकडा टाकून ‘999-लेत्नी’ लिहितात आणि मोकळे होतात. म्हणजे, मोकळे झालो असं त्यांना वाटतं. लांब शब्दात एकही रेघ लागत नव्हती. आकडा आला की ती सक्तीची!