भाषेच्या मिनिटाचा दर

भाषाविज्ञानात एमए केलं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती भाषा येतात?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मग पॅकेज काय?" पहिल्याचं उत्तर ऐकायला सहसा कोणी थांबत नाही. दुसऱ्याचं मी इथे हिशेबासकट देते, कारण या पदवीला 'पैसा नाही' असं म्हणणाऱ्यांनी आमचं काम क्वचितच पाहिलेलं असतं.

काम असं असतं. एक ध्वनिमुद्रण येतं. कुणाची तरी आजी आपल्या लग्नाची हकीकत सांगते आहे, मागे कोंबडा आरवतो, मध्येच कुकरची शिट्टी होते. मी ती फाइल प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि ध्वनिलहरीवर खुणा करत जाते. शब्द नेमका कुठे संपला, आजी श्वासासाठी थांबली की वाक्यच पुरं झालं, शेवटचा स्वर खरंच नाकातून आला की तसा भास होतोय, हे एकेक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकून ठरवायचं आणि आयपीए या आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवायचं. एका मिनिटाच्या बोलण्याला तास सहज जातो. पैसे मात्र मिनिटावर मिळतात, आणि ते मिनिट ध्वनिमुद्रणाचं. बोलणारी भरभर बोलली की काम दुप्पट होतं, बिल तेवढंच राहतं. हे मी काम देणाऱ्यांना सविस्तर लिहून कळवलं. "मॅडम, स्टँडर्ड रेट आहे," एवढंच उत्तर आलं.

दुसरं काम मराठी बोलणाऱ्या एका यंत्राचं. 'चार गुरांना चारा घातला' हे वाक्य त्याने वाचलं आणि दोन्ही 'च' सारखेच उच्चारले. मराठी घरात वाढलेलं लहान मूलही इथे चुकत नाही, कारण ते ऐकून शिकलेलं असतं. लिपीत मात्र दोन्हींना एकच अक्षर, त्यामुळे यंत्राला नियम सांगावा लागतो. 'घरचा'मधला च वेगळा आणि 'घरची'मधला वेगळा, कारण पुढे 'ई' आली की उच्चार तालव्य होतो. 'चंद्र', 'चरण' अशा संस्कृतातून आलेल्या शब्दांत पुढे 'अ' असूनही तो तालव्यच राहतो. 'ज' आणि 'झ'चंही असंच. नियम, अपवाद आणि शब्दांची यादी असा तक्ता मी करून दिला. तो वापरला गेला. मला 'अभिप्रायाबद्दल' एक गिफ्ट व्हाउचर मिळालं. पुढे त्याच ठिकाणी भाषातज्ज्ञाची जागा निघाली, तेव्हा पात्रतेत बीई किंवा एमसीए लिहिलं होतं. मला अर्जसुद्धा करता आला नाही. याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

मराठीच्या एमएला भाषाविज्ञान शिकवतात, म्हणून कॉलेजांकडे वळावं, तर प्राध्यापकाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एमए मराठीच हवं असतं. भाषाविज्ञानात नेट होऊनही वाट्याला येतात ते तासिका तत्त्वावरचे तास. शिकवला तेवढाच तास मोजायचा. पेपर तपासणं, तयारी, सुट्ट्या आपल्या खिशातून.

घरचे लोकही यात मागे नाहीत. "अगं, तू भाषावाली ना? पत्रिका जरा बघून दे." लग्नपत्रिका, संस्थेचा अहवाल, सोसायटीची नोटीस, सगळं रात्री दहाला व्हॉट्सअॅपवर येतं आणि सकाळी छापायला जायचं असतं. सीए असलेल्या भावाला रिटर्न भरायला सांगताना हीच मंडळी फी विचारतात.

मान मिळत नाही असं नाही. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांना पद्मश्री मिळाली, त्यांच्या 'रुजुवात' या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा माझा फोन अभिनंदनांनी भरून गेला. त्या दर्जाची मागणी ज्या पठारे समितीच्या अहवालावर उभी होती, तो भाषेच्या इतिहासाचे पुरावे जमवूनच तयार झाला होता. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, तेही कुणीतरी गावोगाव जाऊन, बोलणं ध्वनिमुद्रित करून, मग बसून लिहून काढलं म्हणूनच आज आपल्याला वाचता-ऐकता येतं. हे कष्ट दिसत असूनही पैशाचा विषय निघाला की "तुम्ही आवडीने करता ना" म्हणतात. आवडीने करते, हे खरंच आहे. घरभाडंही मीच भरते.

तेव्हा मागणी साधी आहे. दर कामाच्या तासावर लावा आणि तो पहिल्याच मेलमध्ये लिहा. भाषातज्ज्ञाच्या जाहिरातीत भाषाविज्ञानाची पदवी पात्रता म्हणून घाला. आणि पत्रिका तपासायला पाठवायची असेल तर निदान दोन दिवस आधी पाठवा, फीचं तेव्हाच बोलू.