कुंपणावरचं क्रियापद

“काकू, आहात काय मागं? मी आलो!”

“आलीस ना? मग चढ बादलीवर.”

इथे सॅन अँटोनियोत घरामागची कुंपणं लाकडी फळ्यांची, माणसाहून उंच. ती पलीकडे बादली उपडी घालून उभी राहते, मी अलीकडे नातवाच्या बाकड्यावर. नवख्याला तिचं ‘आलो’ ऐकून वाटेल, कुणी बुवाच आला. पण ती कोल्हापूरची, तिकडच्या बायका ‘मी आले, मी जाते’ म्हणतच नाहीत. मी नाशिकची, त्यातून संस्कृत शिकवण्यात जन्म गेलेला, तरी मला ते कधी खटकलं नाही.

“गल्लीतली सेन्योरा भेटलेली टपालपेटीपाशी,” तिने आवाज खाली आणला. “गल्लीत कोणीतरी आहे म्हणे. रात्रीचं काम करतंय, मध्यरात्री स्वयंपाक करतंय, फार उशिरा जेवतंय.”

“‘करतंय’ काय? तो का ती?”

“तेच तर कळंना! ती एवढंच म्हणाली. त्राबाखा दे नोचे. कोसिना आ मेदियानोचे. कोमे मुय तार्दे. ‘तो’ नाही, ‘ती’ नाही, नुसती क्रियापदं.”

मला चेव आला. नातवाला शाळेत स्पॅनिश आहे, पण पुस्तक असतं माझ्या उशाशी. शेजारीण लायब्ररीतल्या फुकटच्या वर्गाला जाते, आणि तिचा मुक्काम सध्या नियमित क्रियापदांच्या वर्तमानकाळात आहे.

“अगं, क्रियापदच बोलतं तिथे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणं. शेवटचा ‘आर’ काढ. त्याजागी ‘ओ’ लाव, झालं ‘मी बोलते’, आब्लो. ‘आस’ लाव की तू, आब्लास. ‘आ’ लाव की तो किंवा ती, आब्ला. आम्ही आब्लामोस, ते सगळे आब्लान. शेपटावरून माणूस ओळखायचा. वर ‘यो आब्लो’ असं ‘मी’ लावून बोलायचं, ते ‘मी’वर जोर द्यायचा असेल तेव्हाच.”

“आमच्या सासूबाईंसारखं. मी रांधलं, मी वाढलं, मी उष्टी काढली.”

“त्यांना स्पॅनिश शिकवू नकोस, एवढंच. आणि ‘एर’वाली असतील, कोमेर, जेवणं, तर ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो. कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेन. ‘इर’वाली, बिबिर, राहणं…”

“त्यात लिहिताना व्ही आहे की हो.”

“लिहू देत. म्हणतात ब. बिबो, बिबेस, बिबे, बिबेन. सगळं कोमेरसारखंच. वेगळं काय ते ‘आम्ही’त, कोमेमोस पण बिबिमोस.”

“आणि ते बोसोत्रोस? त्याचा एक रकानाच आहे तक्त्यात.”

“ते स्पेनमध्ये, आपल्या माणसांच्या घोळक्याला ‘तुम्ही’ म्हणायला. मेक्सिकोत नाही लागत, इथे टेक्सासातही नाही. सोडून दे तो रकाना.” बाईचा चेहरा खुलला. परीक्षेतला एक प्रश्न ऐच्छिक झाल्यासारखा.

खरं सांगायचं तर या तक्त्यात मला परकं असं काही वाटलंच नाही. बिबिर आणि आपला जीव् हे एकाच मुळाचे. मी तिला म्हणूनही दाखवलं, जीवसि, बिबेस. जीवामः, बिबिमोस. जीवन्ति, बिबेन. ‘तू’चा स, ‘आम्ही’चा म, ‘ते’चा न, सगळे आपापल्या जागी बसलेले. जीवति मधल्या ‘ति’चा तकार लॅटिनपर्यंत टिकून होता, स्पॅनिशमध्ये तो गळाला आणि नुसतं बिबे उरलं. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याला भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका कुळातल्या असल्याचं सांगितलं, ते मी वर्गात दरवर्षी घोकून घेत असे. पण इतक्या वर्षांनी ते कळलं, तेही टेक्सासात, नातवाच्या पुस्तकात. आमच्या विद्यार्थ्यांना दहा गण आणि वर द्विवचन. या लोकांचं तीन गणांत भागतं आणि द्विवचनाचा पत्ता नाही. तरी नातू म्हणतो, अवघड आहे!

“काकू, जीवति राहू दे. त्या निळ्या ट्रकवाल्यानं परत तुमच्या दारात पार्किंग केलंय, ते बघितलासा काय?”

“बघितलं. आमच्या दारात रोज पारकेआ.”

“हां, सेन्योरापण तेच म्हणते! पुस्तकात तर एस्तासिओनार दिलंय.”

“पुस्तक पुस्तकाच्या जागी. इंग्रजीतलं ‘पार्क’ उचललं, शेपूट लावलं, पारकेआर. मग पारकेओ, पारकेआस, पारकेआ, बिनतक्रार. चॅटचं चातेआर. नवं काही घरात आलं की ‘आर’च्याच खोलीत. ‘एर’ आणि ‘इर’ची दारं त्यांनी केव्हाच लावून घेतलीत.” मला हे फार आवडतं. आपण मात्र ‘पार्क करतो’, ‘चॅट करतो’. सगळा भार बिचाऱ्या ‘करणे’वर.

“पण मग बाई का बुवा, हे कसं ओळखायचं?” ती मूळ मुद्द्यावर आली. तिला तिथून हलवणं सोपं नाही.

“क्रियापदावरून नाहीच ओळखता येत. आब्ला म्हणजे तो बोलतो, आब्ला म्हणजेच ती बोलते. संस्कृतातही वदति म्हणजे दोघंही. ‘बोलतो-बोलते’ हे आपलं लचांड. आपल्याकडेही जुनं रूप तसं नव्हतं. तो बोले, ती बोले, आजोबा सांगे, आजी सांगे.”

“म्हणजे चहाड्या करायला स्पॅनिश बरी. कुणाचं चाललंय ते तिसऱ्याला कळतच नाही.”

“आपलं ‘म्हणे’ काय वाईट आहे? त्याला ना कर्ता, ना जबाबदारी. तसंच त्यांचं कोमेंतान. कोमेंतार, ‘आर’वालं, शेवटी ‘आन’. म्हणजे ‘लोक म्हणतात’. कोण लोक, ते विचारायचं नाही.”

“तेवढं पाठ आहे मला,” ती म्हणाली. “वर्गात मास्तरीणबाईंनी सांगितलेलं, तेव्हाच घोटून ठेवलं. आणि हो, शेवटी सेन्योरा म्हणाली, बिबे सोला.”

“हे आधी सांगायचं नाही होय? मग बाई आहे. बुवा असता तर सोलो म्हणाली असती. क्रियापद लपवतं, पण विशेषण चुगली करतं.”

“एकटी बाई!” बादली करकरली. “रात्रीचं काम. नर्स असंल काय?”

“नर्स मध्यरात्री घरी स्वयंपाक कशी करेल? ती तर तेव्हा कामावर.”

“मग घरूनच काम करत असणार. आणि नवरा?”

“नवरा नाही म्हणूनच तर सोला.”

“सोडून गेला असणार. काय एकेक बायका असतात, काकू!”

इथे मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. “एक सांग. सेन्योरा तुझ्याशी बोलताना तू म्हणते की आपण म्हणते?”

“मला काय कळतंय त्यातलं? लई अदबीनं बोलते, एवढं खरं.”

“मग ती ‘उस्तेद’ धरते. उस्तेद म्हणजे मुळात ‘बुएस्त्रा मेर्सेद’, आपली कृपा. समोरच्याला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्या कृपेशी बोलायचं, सरकार काय म्हणतात, तसं. कृपा तृतीयपुरुषी, म्हणून क्रियापदही तृतीयपुरुषी. त्यामुळे आब्ला म्हणजे तो बोलतो, ती बोलते, आणि आपण बोलता. तिन्ही.”

“बरं मग?”

“आणि प्रश्न विचारताना शब्द तेच, तसेच. नुसता सूर शेवटी वर न्यायचा. तिचा सूर वर जात होता का?”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. “जात होता की. मला वाटलं, नवल वाटतंय तिला.”

“तुझे यजमान या आठवड्यात कुठे?”

“डॅलसला. महिनाभर तिथंच आहेत.”

“पुण्याच्या ऑफिसशी मीटिंग किती वाजता असते?”

“रात्री अकरा. त्यांची सकाळ असते ना. मग ती संपली की भूक लागते, म्हणून जरा पोहे नाहीतर पिठलं…”

मोहरीची फोडणी या गल्लीत किती घरं लांब जाते, ते मला सांगायची गरज पडली नाही. तिचं डोकं फळीखाली गेलं. मग डोळ्यांपुरतं वर आलं.

“काकू, तिनं दरवेळी विचारलं, आणि मी दरवेळी ‘सी, सी’ म्हटलं.”

“मग काय बिघडलं? खरंच आहे की ते.”

“बिबे सोलालापण म्हटलं.”

“म्हटलंस तर म्हटलंस. महिनाभर आहेसच ना एकटी.”

“तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं हो,” ती म्हणाली. “मी मान हलवून वर म्हटलं, कोमेंतान.”