तिसऱ्या दशांशावरची कुस्ती

पोर्तो सेगुरो या ब्राझीलच्या विमा कंपनीने २०१७ साली कॅगल या विदाविज्ञान स्पर्धांच्या संकेतस्थळावर जाहीर स्पर्धा लावली: येत्या वर्षभरात कोणता वाहनचालक दावा करील ते ओळखा. बक्षिसांची रक्कम २५,००० डॉलर. पाच हजारांवर संघ मैदानात उतरले.

नुसती अचूकता मोजली असती, तर ‘कुणीच दावा करणार नाही’ असं ठोकून देणारं मॉडेलही विद्वान ठरलं असतं. दिलेल्या माहितीत दावे होते जेमतेम ३.६ टक्के; म्हणजे काहीही न शिकता ९६ टक्के गुण. (आमच्या वेळी एवढ्यात बोर्डात नंबर यायचा.) म्हणून मोजपट्टी निवडली जिनी गुणांकाची. इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांच्या १९१२ च्या कामातून ती आली आणि उत्पन्नातली विषमता मोजण्यासाठी गाजली. विमेवाल्यांनी तिने मॉडेलांनी धोक्यानुसार लावलेली चालकांची रांग तपासली. कमाल गुण १. विजेत्याला मिळाले सुमारे ०.२९७. बाकीचे तिसऱ्या-चौथ्या दशांशावर झोंबत राहिले.

खरी गंमत अशी की जिनी फक्त रांग बघतो. सगळ्यांचा धोका निम्मा करून सांगा; रांग तीच, गुण तेच. त्या अंदाजावर हप्ते आकारले तर कंपनी बुडेल, पण गुणपत्रिका छातीशी धरून बुडेल. अंदाजाचा प्रत्यक्ष दाव्यांशी मेळ वेगळ्या तक्त्यात तपासावा लागतो, आणि त्या रटाळ तक्त्याला कोण बक्षीस लावणार?

दिलेल्या माहितीतल्या रकान्यांची नावंसुद्धा झाकलेली. ‘पीएस कार १३’ म्हणजे गाडीचं नेमकं काय, ते स्पर्धकांना सांगितलंच नव्हतं. तरी आपल्या मॉडेलला गाड्यांमधलं कळतं, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.