गाडी ओळख देईना

पाटण मागे पडलं की कऱ्हाड-चिपळूण रस्त्याला कोकणाची चाहूल लागते. कोयना नदी सोबतीला येते, हवेत ओल येते आणि कुंभार्ली घाट उतरण्याआधी कुठे थांबायचं यावर प्रत्येक गाडीत एक भांडण होतं. आमच्या गाडीतलं मामांनी जिंकलं. मामा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेत. थांबा ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे तहहयात आहे.

मिसळ खाऊन बाहेर आलो. मेव्हण्याने किल्लीवरचं बटण दाबलं, गाडी टुकटुक करून उघडली. मामींनी मागे पिशव्यांची भिंत रचली, सगळे कोंबून बसलो आणि गाडी सुरूच होईना. स्टार्टर जोमात फिरत होता. इंजिन एकदा गुरगुरायचं आणि गप्प.

बंद गाडीभोवती माणसं जमायला आपल्याकडे आमंत्रण लागत नाही. एकाच्या मते पेट्रोलमध्ये पाणी होतं, दुसऱ्याच्या मते बॅटरी उतरली होती. तिसरा नुसताच "आता काय खरं नाही" म्हणून गेला. मामांनी बाह्या सरसावल्या. "सेकंड गिअर टाक. धक्का मारू." आम्ही भर पावसात उतारावरून शाळेच्या फाटकापर्यंत धक्का मारला. गाडी विनातक्रार गेली. पेट्रोल न जाळता जायला तिची काहीच हरकत नव्हती. मग तीच गाडी चढावर परत ढकलत आणताना मामा फक्त सूचना देत होते.

तेवढ्यात कोणीतरी फोन करून बोलावलेला मेकॅनिक मोटरसायकलवरून आला. विशी-बाविशीचा पोरगा. त्याने बॉनेट उघडलंच नाही. हा जमलेल्या मंडळींना सरळसरळ अपमान वाटला. तो सीटवर बसला, हेडलाइट लावून पाहिला, किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डकडे बघत राहिला. किल्लीचं चित्र असलेला एक लाल दिवा मिचमिचत होता.

"इमोबिलायझर हाय. गाडी तुमास्नी वळखत न्हाई."

"ओळखत नाही?" मेव्हणा उसळला. "हप्ते मी भरतोय!"

हप्त्यांचं गाडीला काही नसतं. तिला हवी असते चिप. किल्लीच्या मुठीत ती दडलेली असते आणि कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली आत गेली की वेटोळं चिपेला बिनतारी वीज पुरवतं, चिप आपला क्रमांक सांगते, आणि तो पटला तरच इंजिनचा संगणक पेट्रोल सोडतो. नाही पटला तर धक्का मारा, तारा जोडा, नवस बोला, फरक शून्य. युरोपात नव्या मोटारींना ही सोय १९९८ पासून सक्तीची आहे. चोर नाउमेद व्हावा म्हणून काढलेल्या युक्तीने पहिला हिसका मालकाला द्यावा, यात मला तरी सरकारी शिस्त दिसते.

"पण गाडी किल्लीनेच उघडली की," मी म्हणालो.

"त्ये रिमोट. त्याला त्याचा सेल असतोय. चिपेला सेल नसतोय. दुसरी चावी हाय का? ती चालली तर दोष हितल्या चावीत. न्हाई चालली तर रिंग नायतर वायर."

दुसरी किल्ली कऱ्हाडला, कपाटात, अत्यंत सुरक्षित होती.

पलीकडेच कोयनेचं धरण. त्या प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. आम्हाला हवी होती एका चिपेला शुद्धीवर आणण्यापुरती वीज, तीही गाडी द्यायला तयार होती. घेणारं कोणी आहे का, एवढाच प्रश्न होता. पोराने जुडग्यातल्या बाकीच्या किल्ल्या काढल्या, कारण शेजारी दुसऱ्या गाडीची चिप असली तर दोघी एकदम बोलतात आणि गाडीला एकीचंही कळत नाही. गुण आला नाही. मग त्याने नखाने किल्लीची मूठ उकलली. आत चिपेची जागा होती. चिप नव्हती.

"कवर बदललंय का दाजी?"

मेव्हण्याने ते महिन्यापूर्वीच बदललं होतं, खटकन उघडणारं, चाकूछाप. चिप त्यात गोंदाच्या एका थेंबावर तगून होती. बिल देताना गल्ल्यापाशी खटक-खटक करत किल्ली आपटायची त्याला भारी हौस. तिथेच मूठ फाकली असणार. गल्ल्यावर काय होतं? बडीशेप आणि खडीसाखरेची वाटी. आणि चिप कशी दिसते? "काचेची बारकी नळी. खडीसाखरेगत."

हॉटेलमालकाने वाटी वर्तमानपत्रावर उपडी केली. मामींनी तांदूळ निवडावेत तशी बडीशेप निवडली. काही नाही. तेव्हा मला मामांचा चेहरा जरा जास्तच निर्विकार वाटला. घाटात मळमळू नये म्हणून मूठभर बडीशेप पुडीत बांधून घ्यायची त्यांची जुनी पद्धत.

"अहो, खिसा बघू," मामी म्हणाल्या.

पुडी सुटली. चिप होती. "मला वाटलंच, एक खडा भलताच गुळगुळीत आहे," मामा म्हणाले. आणखी दहा मिनिटांत ती त्यांच्या पोटात असती, आणि मग गाडी सुरू करायला मामांना स्टिअरिंगवर आडवं धरावं लागलं असतं.

पोराने चिप चिमटीत धरून कुलपाशी नेली, किल्ली फिरवली. लाल दिवा विझला आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मूठ काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळून देत त्याने शंभर रुपये घेतले. वर बजावलं, "नवी चावी कोड करायला शोरूमला जाताना दोन्ही चाव्या न्या. एक घरी ऱ्हायली तर तिचीबी वळख पुसली जाती काही गाड्यांत."

टेपवर भरवसा नको म्हणून मेव्हण्याने कऱ्हाडहून दुसरी किल्ली एसटीने आमच्या मुक्कामी, गुहागरला मागवली. मामा दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टँडवर. गाडी दीड तास उशिरा आली. कंडक्टर पाकीट देत म्हणाला, "चिपळुणात चहाला थांबलो, मग स्टार्टरच घेईना. पॅसेंजर उतरवून धक्का मारला, लगेच लागली."

गुहागरचा समुद्र कसा आहे ते विचारू नका. उरलेला मुक्काम आम्ही मामांकडून धक्क्याचं महत्त्व ऐकत घालवला.