भाव टिपायला गेलो त्याची हकीकत

विधात्याने माझा चेहरा घडविताना त्यात भाव भरण्याचे काम उद्यावर ढकलले असावे, आणि तो उद्या अद्याप उगवलेला नाही. माझे लग्नातले छायाचित्र आणि रेल्वेच्या पासावरचे छायाचित्र यांत फरक काय तो मुंडावळ्यांचा, असे आमच्या घरी निर्विवादपणे मानले जाते. या उणिवेचे परिमार्जन म्हणून की काय, पाषाणातील मुखांवरचे भाव कॅमेऱ्यात टिपण्याचा नाद मला लागला; परंतु वस्तुसंग्रहालयांचे व माझे ग्रहमान जुळत नाही. तेर गावच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि तिच्याशी साम्य असलेली दुसरी 1938 साली थेट इटलीत, इसवी सन 79 मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या राखेतून निघाली. एवढ्या मातब्बर घराण्यातील त्या स्त्रीवर मी कॅमेरा रोखला, तो छायाचित्रात तिच्या मुखाच्या जागी काचेत उमटलेले माझेच तोंड!

तेव्हा जेथे मूर्तीपुढे काच नाही तेथेच जावे, असा निर्धार करून, काही वर्षांपूर्वी दिवाळी सरल्यावर, छत्तीस छायाचित्रांचा एक रोळ घेऊन मी परभणी जिल्ह्यातील धारासूरची वाट धरली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण गाडीत तीन निरनिराळ्या सहप्रवाशांनी मला ऐकविली, आणि तिन्ही वेळा माझा चेहरा कोराच राहिल्यामुळे तिघांनीही ती पुन्हा समजावून सांगितली. गंगाखेडला संत जनाबाईस हात जोडले आणि पुढे निघालो.

गोदावरीला या भागात गंगा म्हणतात. तिच्या काठी धारासूरला काळ्या पाषाणाचे गुप्तेश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्या बाह्यांगावर सुरसुंदरी, म्हणजे पाषाणात कोरलेल्या अप्सरा, आहेत. परंतु मी तेथवर पोहोचण्यापूर्वीच पारावरच्या मंडळींनी मला हटकले. गळ्यात कॅमेरा, हातात वही. “सायब, कशापायी येणं केलं?” मी प्रांजळपणे म्हणालो, “भाव टिपायला आलोय.”

कापसाच्या ऐन वेचणीत, आणि तेही आदल्या रात्री अवेळी पाऊस झोडपून गेलेला असताना, मराठवाड्यातल्या पारावर हे वाक्य उच्चारणारा मनुष्य एक तर सरकारी असतो किंवा वेडा. मंडळींनी मोठ्या मनाने मला सरकारी ठरविले. “भाव कितीला फुटला?” या प्रश्नाला मी “चेहऱ्याचा भाव” असे उत्तर दिले, ते कोणालाच पटले नाही, आणि कॅमेरा आहे त्या अर्थी पंचनामाही असणार, असा निवाडा होऊन माझी मिरवणूक शिवाराकडे निघाली.

ज्याने ओली काळी माती तुडविली नाही त्याला माणसाची उंची वाढविण्याचा हा उपाय ठाऊक नसणार. पावलागणिक बुटांना थर चढत जातो. दहा पावलांत मी वीतभर उंच झालो, विसाव्या पावलाला उजवा बूट जमिनीने ठेवून घेतला. “ह्याचा फोटू घ्या, त्याचा घ्या” अशा फर्मानांखाली, एका पायावर उभे राहून, मनातल्या मनात समस्त गावाला शिव्या घालीत मी भिजलेला कापूस टिपीत होतो. तेवढ्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने एक बोंड तोडून माझ्यापुढे तळहातावर उकलले. कापूस पिवळा पडला होता आणि आत सरकीला हिरवट कोंब आला होता.

“भाव फुटायच्या आधी कोंब फुटला, सायब,” तो म्हणाला; आणि मग माझ्याकडे निरखून पाहत, “तुमी कामून तोंड पाडलं?”

माझ्या तोंडावरून कोणी काही वाचल्याचा माझ्या आयुष्यातील हा पहिला प्रसंग.

मंदिरी पोहोचलो तेव्हा रोळात तीनच छायाचित्रे उरली होती आणि सूर्य डोक्यावर आला होता. माध्यान्हीच्या उन्हात मूर्तीच्या नेत्रांत काजळी साचते, ओठ सपाट होतात. जिच्यासाठी इतका चिखल तुडविला ती सुरसुंदरी, नासिका झिजलेली, कर्जवसुलीला आल्यासारखी दिसत होती. पायरीवर बसलेल्या एका आजींनी माझी धडपड पाहिली. “लेकरा, असं वरच्या उन्हात कुणीबी बाई रागीटच दिसती. थांब जरा.” त्या घरी जाऊन पितळी परात घेऊन आल्या, अंगणात ऊन धरले आणि तिरपे करून मूर्तीच्या गालावर सोडले. ओठांची कड उजळली, खालची पापणी उमटली, आणि आतापर्यंत दडवून ठेवलेले हसू त्या दगडाने हळूच बाहेर काढले. परातीचा हात किंचित हलला की हसूही हलत होते.

तेहतीस छायाचित्रे कापसाची निघाली. ती त्या म्हाताऱ्याकडे पाठवून दिली. सुरसुंदरीच्या तिनांपैकी एक साधले. तेव्हा वाचकहो, मूर्ती पाहावयास जाल तर सोबत परात न्या, आणि काय टिपायला आलात असे कोणी विचारल्यास चेहऱ्याचे नाव आधी घ्या, भावाचे मागाहून.