अडीच किलो हवा

परगावी निघताना अर्धं घर सोबत नेणाऱ्या माणसांची एक जात आहे. आमचे अण्णा त्या जातीचे जालन्यातले अध्वर्यू. मुंबईला लग्नाला गेले तरी पाण्याचा जार डिकीत, उशी बगलेत आणि पंगतीत खिशातल्या डबीतून कारळाची चटणी. हसू नका. 2013च्या दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन पळालेला माणूस आहे तो. ‘तिकडे मिळेल की’ या वाक्यावर त्याचा विश्वास बसावा तरी कसा?

पुतण्याने तारकर्लीला नेऊन त्यांना स्कुबा घडवलं, तिथे घोटाळा झाला. पाठीला डालड्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्या अण्णांना पाठीवरचा सिलिंडर परका वाटलाच नाही. ‘‘डबा वर ठेवायचा, हा खाली नेतो, एवढाच फरक,’’ म्हणाले. तेव्हापासून चहाच्या टपरीवर कुणी ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणालं की अण्णा कप खाली ठेवत : ‘‘ऑक्सिजन नसतो हो त्यात. साधी हवा. दाबून भरलेली.’’

मग मालदीवची सहल ठरली आणि अण्णांनी मुंबईहून स्वतःचा सिलिंडरच आणला. ‘‘हवासुद्धा भाड्याची घ्यायची? कामून?’’

येईपर्यंत हवा थोडी गळाली अशी शंका आली, म्हणून पंक्चरवाल्याकडे गेले.

‘‘किती मारू अण्णा?’’

‘‘तीन हजार पौंड.’’

गाडीत तीस-पस्तीस मारणाऱ्या त्या माणसाने नळी खाली ठेवली आणि हात जोडले.

पुढचा धक्का पुतण्याने दिला : विमानात भरलेला सिलिंडर चालत नाही. रिकामा करायचा, व्हॉल्व्ह काढायचा, आत कुणालाही डोकावता आलं पाहिजे. परत येताना बोटीने भरून आणीन म्हणावं, तर तसल्या आयातीला परवाना लागतो आणि तो देणारं विस्फोटकांचं खातं नागपुरात. ‘‘आपलं बंदर आहे ना दरेगावला,’’ अण्णांनी शेवटचा प्रयत्न केला. आहे खरं; 2015 साली भूमिपूजन झालं. पण ते ड्रायपोर्ट. तिथे कंटेनर लागतात, समुद्र लागत नाही.

अखेर गल्लीत हवा सोडली. फुस्स आवाजाने कुत्री पळाली आणि वाऱ्यात पोरं ओळीने उभी राहिली. अण्णांनी आधी आणि नंतर मोंढ्यातल्या काट्यावर वजन केलं होतं. अडीच किलोंचा फरक! काटा खोटा नव्हता. दाबलेल्या हवेला तेवढं वजन असतंच. ‘‘पैसे देऊन भरलेली अडीच किलो हवा गल्लीला वाटली,’’ ते हळहळले.

तरी रिकामा सिलिंडर चौदा किलो. विमानात सामान वीस किलो. उरलेल्या सहा किलोंत अण्णांचे कपडे, दशम्या आणि लोणचं. वहिनी काही बोलल्या नाहीत. मात्र रिकामं भांडं घराबाहेर न्यायचं नसतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. सिलिंडरचं तोंड जेमतेम पाऊण इंचाचं, लाडू जाईना. मग भाजलेले शेंगदाणे ओतले.

मुंबईच्या विमानतळावर सुरक्षा अधिकाऱ्याने आत बॅटरी मारली. बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्याला बोलावलं. नंतर तिसरा आला. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘‘खारे नाहीत, साधे आहेत. घ्या.’’

मालदीवच्या बोटीवर भरलेले सिलिंडर ओळीने उभे होते, त्यांचं भाडं बुडीच्या पैशांतच धरलेलं. जगभर तसंच असतं म्हणे. पाणबुडे मास्क नेतात, फार तर श्वासाची नळी नेतात, सिलिंडर कुणी नेत नाही. अण्णांचा सिलिंडर हॉटेलात पलंगाखाली झोपून होता.

‘‘कशी होती तिकडची हवा?’’ परतल्यावर मी विचारलं.

‘‘खारट,’’ अण्णा म्हणाले.

सिलिंडर आता ओसरीत पाण्याच्या ड्रमशेजारी उभा असतो. मुंबईत सगळे शेंगदाणे काढायला लावले होते, पण हलवला की तळाशी अजून चार-पाच खुळखुळतात.