नऊ पौंड पंधरा पेन्सचा शर्ट

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या ना. राहू दे ती केरसुणी. कुकर लावून आलेय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचाय. चौथी झाली की डाळ पार गीर होते. तुम्हीही कान ठेवा, बोलायला लागले की माझं लक्ष राहत नाही.

काय करतोय तुमचा लेक? इंग्रजी ऐकतोय? कानात बोंडं घालून? हां, सीबीएसईवाल्यांना ऐकण्या-बोलण्याची परीक्षा असते ना, शाळेतल्या शाळेत. असू दे, असू दे. पण वहिनी, ऐकण्याची परीक्षा म्हणजे काय ते मी हांगझोऊला बघून आले. तेच हो, २०२३ मध्ये एशियन गेम्स झाले ते. आमचा लेक तिथे, सूनबाई तिथे, मी सहा महिने तिथे. करायला काही नाही. तळ्याकाठी जाऊन बसायचं, नाहीतर समोरच्या बिऱ्हाडात काय चाललंय ते बघायचं.

समोरच्या घरात बारावीतली मुलगी. तिची आई बँकेत. ती बाई रात्री अकराला फळं कापून मुलीच्या खोलीत नेताना मी रोज बघायचे. आमची सूनबाई चिनी छान बोलते, त्यामुळे सगळं मला घरबसल्या कळायचं. २०२४ची गोष्ट सांगतेय. त्या जूनमध्ये त्यांच्या त्या परीक्षेला, गाओकाओ म्हणतात तिला, १ कोटी ३४ लाख पोरं बसली होती. आपण इथे दहावीच्या निकालाला कुलदैवताला नारळ बोलतो. तिथे आया परीक्षेच्या सकाळी चीपाओ घालून फाटकापाशी उभ्या. म्हणजे तो अंगाबरोबर बसणारा झगा. त्यातला ‘ची’ म्हणजे झेंडा, आणि झेंडा फडकला की विजय. समोरच्या बाईनेही घातला होता, लाल. बसत नव्हता तिला, पण घातला.

एकूण गुण ७५०, त्यातले इंग्रजीचे १५०. गणिताइतके! आणि त्यांच्या भाषेइतके! तसं बघायला गेलं तर इंग्रजीच हवी असं नाही. रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, काहीही घ्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाने इंग्रजी झेपेना म्हणून जपानी घेतली. निम्मी चित्रलिपी ओळखीचीच, म्हणाला. हुशार! आपल्याकडे संस्कृत घेतात ना, गुणांसाठी, तसंच.

तर इंग्रजीचा पेपर ८ जूनला, दुपारी ३ वाजता. इतर पेपरांना पोरगं पंधरा मिनिटं उशिरा आलं तरी आत घेतात. इंग्रजीला उलटं. पावणेतीनला फाटक बंद म्हणजे बंद, मग मागाहून कोणी रडा की पडा. कारण पेपर सुरू होतो तोच ऐकण्याने. वर्गातल्या भोंग्यातून आवाज येतो, तो एकदा सुरू झाला की थांबवायचा कसा? २० प्रश्न, दीड-दीड गुण, ३० गुणांचा खेळ वीसेक मिनिटांत. पहिले पाच संवाद अगदी छोटे आणि एकदाच ऐकवतात. एकदाच हो! पुढचे मोठे असतात, ते दोनदा. मध्ये उत्तर लिहायला मोजून काही सेकंद. तेवढ्यातच पुढच्या प्रश्नावर नजर टाकायची, म्हणजे काय ऐकायचंय ते आधी कळतं. समोरची मुलगी दर रविवारी हेच करायची. बटण दाबायची, ऐकायची, खूण करायची, पुन्हा बटण. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. एक साहेब आणि एक बाई, सारखे एकमेकांना विचारत, गाडी किती वाजता, चहा घेणार का, पुस्तक कुठे ठेवलं. इतका गोड संसार मी आजवर पाहिला नाही.

आणि सुरुवातीला नमुन्याचा एक प्रश्न. शर्टाची किंमत किती? १९ पौंड १५ पेन्स, ९ पौंड १८ पेन्स, की ९ पौंड १५ पेन्स? खाली उत्तरही छापलेलं. सी, नऊ पौंड पंधरा पेन्स. वर्षानुवर्षं तोच प्रश्न, तोच शर्ट, तीच किंमत. जगात सगळं महागलं, तो शर्ट नाही महागला! चीनमधल्या कोणत्याही तरुण पोराला विचारा, पौंडाची नोट बघितलेली नसेल, पण शर्टाची किंमत झोपेत सांगेल.

आता त्या वीस मिनिटांसाठी शहर काय करतं ऐका. शाळेच्या आसपास हॉर्न बंद. बांधकामं बंद. संध्याकाळी चौकात बायका भोंगा लावून नाचतात ना तिथे, माझ्या वयाच्या, छान नाचतात, मीही गेले होते दोनदा, सांगू नका कुणाला. त्यांनाही सांगितलेलं, या दिवसांत आवाज नको. सूनबाई म्हणाली, कोरियात तर इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असेपर्यंत विमानंसुद्धा उडू-उतरू देत नाहीत. मी म्हटलं, आपल्या सांगलीत त्या वेळी नेमकी वरात निघाली असती!

पण गंमत अशी की अख्खं शहर गप्प केलं, आणि समोरच्या मुलीच्या पुढच्या बाकावरची पोरगी शिंकली. तिसऱ्या संवादाला. म्हणजे एकदाच ऐकवतात त्यातल्या! घरी येऊन उत्तरं ताडून पाहिली तर २० पैकी १९ बरोबर. साडेअठ्ठावीस गुण. चुकलेला तोच, शिंकेचा. तिची आई आठ दिवस त्या शिंकेबद्दल बोलत होती. लिफ्टमध्ये, जिन्यात, भाजी घेताना. मला चिनी कळत नाही, पण शिंकेची नक्कल कोणत्याही भाषेत कळते.

शिट्टी झाली का? नाही ना? तो रिक्षावाला होता.

एक गोष्ट मात्र मला आवडली. ज्यांना कानाने कमी ऐकू येतं, त्या मुलांना ऐकण्याचा भाग माफ असतो. लेखी भागात जेवढे मिळाले, ते त्याच प्रमाणात १५० वर वाढवून देतात. माझ्या माहेरी शेजारची एक मुलगी अशी होती, तिला सगळे ‘लक्ष नाही’ म्हणून वर्गात उभी करायचे. जाऊ दे.

आता वाचन. ते ५० गुणांचं, इंग्रजीच्या पेपरातला सगळ्यात मोठा घास. चार उतारे, पंधरा प्रश्न. पहिला सोपा असतो, कुठे सहल आहे, कुठे प्रदर्शन आहे, तिकीट किती, असली माहितीपत्रकं. मग चढत चढत शेवटचा असा येतो की सूनबाईलाही दोनदा वाचावा लागला, आणि ती इंग्रजीतच इंजिनिअर झालीय. आणि पाचवा एक प्रकार. उताऱ्यातून पाच वाक्यं काढलेली, खाली सात दिलेली. पाच बसवायची, दोन उरतात. ती दोन इतकी साळसूद असतात म्हणे, की वाटतं हीच घरची. लग्नात नाही का, जेवणाच्या पंगतीत दोन माणसं अशी असतात की दोन्हीकडच्यांना वाटतं ती दुसऱ्या बाजूची?

शब्दांची पुस्तकं असतात तिथे, साडेतीन हजार शब्दांची. पोरं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने पाठ करायला बसतात, आणि सुरुवातीलाच शब्द येतो ‘अबॅन्डन’. म्हणजे सोडून दे! निम्मी पोरं तिथेच आज्ञा पाळतात, असा तिथे विनोद आहे. आणि उत्तर येत नसलं तर एक मंत्र. तीन पर्याय आखूड नि एक लांब असला तर लांब निवडावा. मी म्हटलं, पेपर काढणाऱ्यालाही हा मंत्र ठाऊक असणारच की. तर सूनबाई हसली, म्हणाली, आई, तुम्ही पास झाला असता.

अहो, गुणांवरून तिथे राडाही झालेला आहे. चीनमधले पालक मुकाट सोसतात असं आपल्याला वाटतं ना? हांगझोऊच्या त्या प्रांतात, झेजियांगमध्ये, इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा देता येते, चांगले गुण धरतात. २०१८ च्या नोव्हेंबरातला पेपर अवघड गेला. तर कचेरीतल्या लोकांनी वाचनाच्या आणि भाषेच्या वापराच्या काही प्रश्नांना परस्पर काहीतरी गणित लावून गुण वरखाली केले. पोरांनी उत्तरं ताडली, ताळा लागेना. मग जो गदारोळ झाला! चौकशी बसली, डिसेंबरच्या सुरुवातीला मूळचे गुण परत दिले आणि प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखाची खुर्ची गेली. समोरची बाई हे सांगताना अजून आवाज खाली आणते, जणू काल घडलंय.

आणि त्या पेपरात एक प्रश्न असतो, गोष्ट पुढे लिहायचा. तो प्रकार मला फार आवडला बाई. अर्धी गोष्ट देतात, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात, बाकी तुम्ही रचा, दीडशे शब्दांत. गोष्ट नीट वाचलीच नसेल तर पुढे काय लिहिणार? आपल्याकडे कल्पनाविस्तार असायचा, पण त्यात आधीचं वाचलं की नाही हे कोण बघत होतं.

बोलायचं काय, विचारताय? तीच तर गंमत. बीजिंगमध्ये २०२१ पासून संगणकासमोर बसून ऐकणं-बोलणं मिळून ५० गुण असतात, ग्वांगडोंगमध्ये त्याहून आधीपासून बोलायला लावतात. पण समोरच्या मुलीच्या पेपरात एक शब्द तोंडाने बोलायचा नव्हता. मी तिला लिफ्टमध्ये पहिल्यांदा इंग्रजीत विचारलं, अभ्यास कसा चाललाय. वहिनी, पोर अशी लाल झाली! तोंड उघडलं, मिटलं, दार उघडल्यावर पळाली. मला वाटलं माझंच काही चुकलं. सूनबाई म्हणाली, त्यांच्याकडे याला नावच आहे, मुकं इंग्रजी. डोळ्यांत आहे, कानात आहे, जिभेवर नाही.

त्यावर लोकांनी काय काय उपाय केले म्हणता. एक तो ली यांग होता, मैदानावर हजारो पोरांना जमवून इंग्रजी ओरडायला लावायचा, ओरडलं की लाज जाते म्हणून. आणि तो अलीबाबावाला जॅक मा तिथलाच, हांगझोऊचा. पहिल्या परीक्षेत गणितात १ गुण! पण इंग्रजी पक्कं, कारण पोरवयात सायकल घेऊन हॉटेलपाशी जायचा आणि परदेशी पाहुण्यांना फुकट तळं दाखवायचा, तेवढंच बोलायला मिळतं म्हणून. तिसऱ्या खेपेला पास झाला आणि पुढे आधी इंग्रजीचा मास्तरच झाला.

पण मुक्या माणसांना हसायला मी कोण? आमचं तरी काय होतं? तर्खडकरी इंग्रजी. फळ्यावर वाक्य, त्याचं भाषांतर, कर्ता-कर्म-क्रियापद. मॅट्रिकपर्यंत एकाही इंग्रज माणसाचा आवाज ऐकला नव्हता आम्ही. आमच्या मास्तरांचं ‘व्हॉट’ हेच खरं ‘व्हॉट’. टेपमधली साहेबाची बाई त्या पोरीला कळायची आणि माझं इंग्रजी कळायचं नाही.

मग एक दिवस माझी रक्तदाबाची नवी गोळी आणली. आतला कागद इंग्रजी आणि चिनी. सूनबाई ऑफिसात. मी समोरचं दार वाजवलं, कागद पुढे केला. पोरीने तो घेतला, पेन्सिल घेतली आणि परीक्षेत करतात तसं शब्दांखाली रेघा मारत गेली. ‘जेवणाबरोबर’ खाली एक रेघ, ‘चक्कर’ खाली दोन. मग कागदाच्या पाठीमागे सुंदर अक्षरात इंग्रजीत लिहिलं, सकाळी एक, नाश्त्यानंतर, उठताना सावकाश उठा. मी खाली लिहिलं, थँक्यू, जेवलीस का? तिने लिहिलं, हो, तुम्ही? अहो, तासभर आम्ही दारात उभ्या राहून चिठ्ठ्या लिहीत होतो! परीक्षेत शिंक ऐकली तेव्हा काय वाटलं, तेही तिने मला लिहून सांगितलं. आई बघत राहिली. तिला वाटलं मी शिकवणी घेतेय.

ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जायच्या आधी आम्ही तिघी रेशमाच्या बाजारात गेलो. मी एक स्टोल उचलला, दुकानदार पोरगा तिच्याच वयाचा. मी विचारलं, हाऊ मच? त्याने बोटं दाखवायच्या आत आमची मुकी पोर मोठ्याने, अगदी टेपमधल्या बाईच्या आवाजात म्हणाली, “नाइन पाउंड्स फिफ्टीन!” तो दुकानदार हसून खाली बसला. सूनबाई हसतेय. मला शर्टाची गोष्ट तेव्हा कुठे माहीत होती? मी आपली पाकिटात पौंड शोधतेय! पण पन्नास युआन कमी केले हो त्याने. हा बघा, दोरीवर वाळतोय तोच.

थांबा. थांबा थांबा. आत्ता झाली ती शिट्टीच ना? पहिली की... मघाशी पेपरवाला आला तेव्हा एक झाली होती का? तुम्ही मोजत होतात ना? दोन म्हणताय? मला तीन वाटतायत. अरे देवा, चौथी असली तर? जाते बाई मी, ही काही दोनदा ऐकवत नाहीत.